66 फुटांची साखळी

1785 च्या सप्टेंबरअखेरीस थॉमस हचिन्स हा मोजणी अधिकारी ओहायो नदीच्या उत्तर काठावर पोचला. पेनसिल्व्हेनिया राज्याची पश्चिम हद्द जिथे संपते तिथे एक खुंटी रोवलेली होती. 30 तारखेला त्याने त्या खुंटीपासून पश्चिमेकडे साखळी टाकायला सुरुवात केली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. नव्या सरकारची तिजोरी रिकामी होती, युद्धाचे कर्ज डोक्यावर होते आणि कर बसवण्याचा अधिकारही त्याला नव्हता. पश्चिमेची जमीन मोजून विकायची, हा उत्पन्नाचा एकच मार्ग दिसत होता. त्या जमिनीवर शॉनी, डेलावेअर, मायामी, वायनडॉट लोकांची गावे होती, मक्याची शेते होती, शिकारीची राने होती. काही प्रमुखांकडून दडपणाखाली लिहून घेतलेला तह त्यांच्यातल्या बहुतेकांना मान्य नव्हता. पहिल्या मोसमात साखळी जेमतेम चार मैल गेली आणि हल्ल्याच्या धास्तीने मोजणीदार माघारी फिरले. पुढच्या वर्षी ते सैनिकांचा पहारा घेऊन आले.

अमेरिकेच्या पश्चिमविस्ताराची आपल्या डोळ्यांसमोरची चित्रे बहुतेक हॉलिवूडने दिलेली आहेत. घोडेस्वार, पिस्तुले, कापडी छत घातलेल्या गाड्यांचे तांडे. ती खोटी नाहीत. पण या इतिहासात जितके खोल जावे तितके मला वाटत राहते, की साऱ्या हालचालीच्या मुळाशी मोजणीदाराची ती लोखंडी साखळी आहे. अटलांटिकच्या किनाऱ्याला चिकटलेली 13 राज्ये शंभर वर्षांच्या आत पॅसिफिकपर्यंत पसरली, ती जमीन मोजण्याच्या, मोजलेल्या जमिनीचा कागद करण्याच्या आणि तो कागद विकण्याच्या एका पद्धतीच्या जोरावर. बंदूक कधी त्या साखळीच्या पुढे चालली, कधी मागे.

ही साखळी एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने 1620 मध्ये तयार केली. लांबी 66 फूट, कड्या 100. अशा 80 साखळ्यांचा एक मैल होतो आणि 10 चौरस साखळ्यांचा एक एकर. ज्याचे गणित कच्चे आहे त्यालाही रानात उभे राहून हिशेब करता यावा, हा तिचा मोठा गुण. इंग्रजांच्या राज्याबरोबर हेच माप आपल्याकडेही आले. आपला गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जमीन, म्हणजे गंटरच्या अर्ध्या साखळीचा चौरस. एकराचे गुंठे बरोबर 40 भरतात ते त्यामुळेच.

अमेरिकन काँग्रेसने 20 मे 1785 रोजी केलेल्या कायद्यात या साखळीने काय करायचे ते सांगितले होते. सारी जमीन 6 मैल लांब आणि 6 मैल रुंद अशा चौकोनांत पाडायची. त्या चौकोनाला टाउनशिप म्हणायचे. प्रत्येक टाउनशिपचे एकेक चौरस मैलाचे 36 भाग करायचे, त्यांना पुढे सेक्शन हे नाव मिळाले. एका सेक्शनमध्ये 640 एकर. 16 व्या क्रमांकाचा सेक्शन गावच्या शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवायचा. पुढे सेक्शनचा चौथा हिस्सा 160 एकरांचा आणि त्याचाही चौथा हिस्सा 40 एकरांचा, अशी वाटणी रूढ झाली. डोंगर असो, दलदल असो की कुणाचे गाव असो, रेषा सरळच जायची. पृथ्वी गोल असल्यामुळे रेखावृत्ते उत्तरेकडे जाताना जवळ येतात. म्हणून ठरावीक अंतरावर चौकोन पुन्हा नव्याने आखून चूक सावरावी लागे. कॅन्सस-नेब्रास्काकडे नाकासमोर जाणारा रस्ता उघड्या माळावर एकाएकी काटकोनात वळतो आणि लगेच पुन्हा सरळ होतो, ती बऱ्याचदा या दुरुस्तीची खूण असते.

या चौकटीने साधले ते असे, की जमिनीला न पाहता सांगता येईल असा पत्ता मिळाला. अमुक रेषेपासूनची टाउनशिप, अमुक क्रमांकाचा सेक्शन, त्याचा नैऋत्येकडचा चौथा हिस्सा, एवढ्यावर फिलाडेल्फियात बसून शेकडो मैल दूरचा तुकडा विकत घेता येऊ लागला, गहाण टाकता येऊ लागला, दुसऱ्याला विकता येऊ लागला.

गरीब शेतकऱ्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्याआधी केंटकीसारख्या भागात जमिनीच्या चतुःसीमा झाडे, दगड, ओढ्याचे वळण अशा खुणांनी लिहिल्या जात. झाड पडले, ओढा सरकला की भांडण उभे राही, आणि एकाच जमिनीचे दोन-तीन दावेदार कोर्टात भेटत. थॉमस लिंकन नावाच्या शेतकरी-सुताराला अशा भानगडींत केंटकीतल्या जमिनी सोडाव्या लागल्या. 1816 मध्ये तो बायकोमुलांना घेऊन इंडियानात गेला. तिथे गुलामगिरी नव्हती हे एक कारण होते, पण जमीन सरकारी मोजणीची होती आणि तिच्या मालकीवर वाद नव्हता हे मोठे कारण होते. त्याचा सात वर्षांचा मुलगा अब्राहम पुढे इलिनॉयमधल्या न्यू सेलमला काही काळ स्वतः मोजणीदार झाला. साखळीचे मोल त्याला घरातून माहीत होते.

पण मोजायला जमीन आधी ताब्यात यावी लागते. 1803 मध्ये राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या सरकारने नेपोलियनकडून लुईझियाना विकत घेतले. सुमारे 8,28,000 चौरस मैल, किंमत दीड कोटी डॉलर. देशाचा आकार जवळपास दुप्पट झाला. या सौद्यामागे कॅरिबियन बेटावरचे गुलामांचे बंड होते. हैतीत नेपोलियनचे सैन्य बंडखोरांच्या प्रतिकाराने आणि पीतज्वराने संपले, तेव्हा अमेरिका खंडातल्या साम्राज्याचे त्याचे स्वप्नच मोडले आणि त्याने मिसिसिपीच्या पश्चिमेचा प्रदेश विकून टाकला. विकले काय, हा प्रश्न मात्र राहतोच. युरोपीय सत्ता तिथे न्यू ऑर्लिन्स, सेंट लुईस आणि नदीकाठच्या ठाण्यांपलीकडे नावापुरतीच होती. ओसेज, मँडन, लकोटा, कोमांची यांच्यापैकी कुणालाही कुणी विचारले नव्हते.

या पेचाला कायद्याचे उत्तर 1823 मध्ये मिळाले. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश या खटल्यात निर्णय दिला, की ज्या युरोपीय सत्तेने भूमीचा शोध लावला तिच्याकडे आणि तिच्या वारसाकडे, म्हणजे अमेरिकन सरकारकडे, खरी मालकी आहे. मूलनिवासींना फक्त वहिवाटीचा हक्क आहे आणि तो त्यांना सरकारखेरीज कुणालाही विकता येणार नाही. या निकालाचा परिणाम कुठल्याही लढाईहून दूरवर गेला असे मला वाटते. बाजारात एकच गिऱ्हाईक उरले की भाव तोच ठरवतो. एकोणिसाव्या शतकातले शेकडो तह या एका गिऱ्हाइकाने केलेले आहेत.

चेरोकींची हकिकत इथे सविस्तर सांगायला हवी, कारण शेती करा, शिका, आमच्यासारखे व्हा, मग तुमची जमीन सुरक्षित राहील, असे त्यांना सतत सांगितले जात होते. त्यांनी ते सारे केले. सिक्वोया या चेरोकी कारागिराने 1821 च्या सुमारास आपल्या भाषेची अक्षरमाला एकट्याने पूर्ण केली आणि थोड्याच वर्षांत माणसे चेरोकीत वाचू-लिहू लागली. 1827 मध्ये त्यांनी लेखी राज्यघटना केली, 1828 मध्ये स्वतःचे वर्तमानपत्र काढले. त्याच सुमारास त्यांच्या प्रदेशात सोने सापडले. जॉर्जिया राज्याने चेरोकी अजून घरात राहत असताना त्यांच्या जमिनीची मोजणी केली, 160 एकरांचे आणि सोन्याच्या भागात 40 एकरांचे तुकडे पाडले आणि 1832 मध्ये ते सोडतीने गोऱ्या रहिवाशांना वाटले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला होता. तो कुणी अमलात आणला नाही. 1835 मध्ये मूठभर लोकांनी सही केलेला एक तह साऱ्या राष्ट्राला लागू धरला गेला. प्रमुख जॉन रॉस यांनी हजारो सह्यांचा निषेध वॉशिंग्टनला नेला, पण उपयोग झाला नाही. 1838 मध्ये सैनिकांनी माणसांना घरांतून काढून छावण्यांत कोंडले आणि तिथून सुमारे 16,000 चेरोकी आजच्या ओक्लाहोमाकडे नेले गेले. त्यांतले सुमारे 4,000 मेले, असे मानले जाते. क्रीक, चॉक्टॉ, चिकासॉ, सेमिनोल यांनाही राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या 1830 च्या कायद्याखाली असेच हलवले गेले. त्यांच्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर कापूस आला. तो पिकवण्यासाठी व्हर्जिनिया-मेरीलँडकडून लाखो गुलाम माणसे दक्षिणेत विकली गेली. पश्चिमेकडे सरकणे म्हटले की स्वतंत्र वृत्तीचा शेतकरी आठवतो. बेड्या घालून चालवलेली ही माणसेही त्याच शतकात पश्चिमेकडेच चालली होती.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. 1845 मध्ये टेक्सास सामील झाले आणि साऱ्या खंडावर पसरणे ही आपली ईश्वरदत्त नियती आहे, हा विचार त्याच वर्षी जॉन ओसलिव्हन या संपादकाने शब्दांत मांडला. 1846 मध्ये ब्रिटनशी करार होऊन ऑरेगनची हद्द 49 व्या अक्षांशावर ठरली. मिसुरी राज्यातून सुमारे 2,000 मैल बैलगाड्यांनी चालत जाणारी कुटुंबे त्याआधीपासून तिकडे पोचत होती. वाटेवर त्यांना सर्वांत जास्त मारले ते कॉलऱ्याने, हल्ल्यांनी नाही. 1846 ते 1848 च्या युद्धात मेक्सिकोचा निम्म्याच्या आसपास प्रदेश गेला. तहावर सही झाली 2 फेब्रुवारी 1848 ला, आणि कॅलिफोर्नियात जेम्स मार्शलला सोने दिसले होते 24 जानेवारीला. सही करणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. काही वर्षांत सुमारे 3 लाख माणसे तिथे लोटली. त्या प्रदेशात 1848 मध्ये अंदाजे दीड लाख मूलनिवासी होते. 1870 पर्यंत सुमारे 30,000 उरले. रोगराई होती, उपासमार होती, आणि त्याबरोबर राज्य सरकारने पैसे पुरवलेल्या टोळ्यांनी केलेल्या कत्तलीही होत्या.

कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन जमीनदारांना तहाने मालकीचे संरक्षण कबूल केले होते. 1851 च्या कायद्याने त्यांच्यावर ती मालकी सिद्ध करण्याचे ओझे टाकले. त्यांच्याकडे हाताने काढलेले नकाशे होते, त्यांत ओकची झाडे आणि टेकड्यांचे उतार दाखवलेले. साखळीच्या कोर्टात असे नकाशे टिकवायला सरासरी 17 वर्षे लागली. तोवर वकिलांच्या फीपायी पुष्कळांच्या जमिनी गेल्या होत्या.

1862 हे वर्ष मला या साऱ्या कथेचा कणा वाटते. यादवी युद्ध चालू होते. दक्षिणेचे प्रतिनिधी संसद सोडून गेले होते, त्यामुळे वर्षानुवर्षे अडवलेले कायदे भराभर मंजूर झाले. राष्ट्राध्यक्ष होता तोच मोजणीदार, अब्राहम लिंकन. 20 मे रोजी होमस्टेड कायदा झाला. कुटुंबप्रमुख किंवा 21 वर्षांवरील कुणीही नागरिक, किंवा नागरिक होऊ इच्छिणारा परदेशी, 160 एकर सरकारी जमिनीवर दावा लावू शकत होता. सरकारविरुद्ध शस्त्र धरलेले नसावे, ही अट. पाच वर्षे राहायचे, घर बांधायचे, जमीन कसायची, शेजाऱ्यांची साक्ष द्यायची, की सनद हातात. सारी फी मिळून 18 डॉलरच्या आसपास. अविवाहित स्त्रिया, विधवा, घटस्फोटिता स्वतःच्या नावावर दावा लावू शकत होत्या. त्या काळी जगात असे फार थोड्या ठिकाणी शक्य होते. गुलामगिरीतून सुटलेल्यांनाही पुढे हा हक्क मिळाला. कॅन्ससमधले निकोडेमस हे गाव 1877 मध्ये अशाच कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसवले.

1 जुलैला पॅसिफिक रेल्वेचा कायदा झाला. रेल्वे कंपन्यांना टाकलेल्या रुळाच्या दर मैलामागे जमीन मिळणार होती आणि दोन वर्षांनी ती दुप्पट केली गेली. देण्याची रीत अशी, की रुळाच्या दोन्ही बाजूंचे सेक्शन एकाआड एक, एक कंपनीला, एक सरकारला. रेल्वे आली की शेजारच्या सरकारी सेक्शनचा भाव वाढेल आणि दिलेल्याची भरपाई होईल, असा हिशेब होता. सरकारने आपला दर एकरी सव्वा डॉलरवरून अडीच डॉलर केलाही. 10 मे 1869 रोजी युटामधल्या प्रॉमन्टरी इथे रूळ जुळले. पश्चिमेकडून सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट फोडत आलेल्या मजुरांत बहुसंख्य चिनी होते. 1882 मध्ये चिनी मजुरांना देशात येण्याचीच बंदी झाली.

2 जुलैला मॉरिल कायदा. प्रत्येक राज्याला संसदेतल्या दर सदस्यामागे 30,000 एकर जमीन किंवा तिचे हक्कपत्र, आणि ते विकून शेती आणि यंत्रविद्येची महाविद्यालये काढायची.

आणि त्याच वर्षीचा डिसेंबर. मिनेसोटातल्या डकोटा लोकांनी तहान्वये जमीन देऊन टाकली होती. बदल्यात ठरलेले पैसे आणि धान्य वेळेवर आले नाही, भूक आली. ऑगस्टमध्ये उठाव झाला, शेकडो वसाहतवाले मारले गेले. तो मोडल्यावर लष्करी न्यायालयाने 303 जणांना फाशी सुनावली. लिंकनने कागद तपासून बहुतेकांची शिक्षा रद्द केली, तरी 26 डिसेंबरला मॅन्केटो इथे 38 डकोटा माणसांना एकाच वेळी फाशी दिली गेली. अमेरिकेच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी सामूहिक फाशी. होमस्टेड कायद्यावरची आणि या फाशीवरची मंजुरी एकाच माणसाची आहे. पश्चिमविस्ताराला केवळ गौरव किंवा केवळ पाप ठरवणाऱ्या कुणालाही हे वर्ष ओलांडून जाता येत नाही.

होमस्टेडच्या 160 एकरांवर जे पोचले त्यांचे दिवस खडतर होते. माळावर झाड नाही, म्हणून गवताच्या मुळ्यांनी घट्ट धरलेली माती नांगराने कापून तिच्या विटांची घरे बांधली. पावसात छतातून चिखल गळे. जळणाला बायसनच्या वाळलेल्या गोवऱ्या. 1874 मध्ये टोळधाड आली, तिने पिकाबरोबर गाड्यांच्या दांड्या आणि कपडेही कुरतडले. टोळाची ती जात पुढे तीस वर्षांत नामशेष झाली. त्याच वर्षी जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट घेतले. लाकूड नसलेल्या मुलखात कुंपण घालता येऊ लागले आणि कागदावरचा चौकोन जमिनीवर दिसू लागला. त्याच वर्षी रशियातून आलेल्या जर्मन मेनोनाइट कुटुंबांनी कॅन्ससमध्ये लाल गव्हाचे कणखर बियाणे आणले. आजच्या कॅन्ससच्या गव्हाची परंपरा तिथून सुरू होते. या माळावरचे बायसन मात्र संपत आले होते. 1871 च्या सुमारास त्यांचे कातडे कमवून यंत्रांचे पट्टे करण्याची रीत निघाली आणि रेल्वेने बाजार जवळ आणला. कोट्यवधींचा कळप वीसेक वर्षांत हजाराच्या आसपास आला. लकोटा, शायेन, कायोवा यांचे अन्न, पांघरूण, तंबू सारे त्या एका जनावरावर उभे होते. ज्या माळावर सैन्याला वर्षानुवर्षे यश आले नव्हते, तिथे उपासमारीने माणसे राखीव क्षेत्रांत आली.

होमस्टेडचे सुमारे 40 लाख दावे लागले आणि सुमारे 16 लाख सनदा निघाल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक पाच वर्षे टिकले नाहीत, किंवा मधेच विकून गेले. काही दावे खोटे होते, जमीन बड्या पशुपालकांकडे आणि लाकूड कंपन्यांकडे वळवण्यासाठी लावलेले. पण मोठे कारण पाऊस होता. ओहायो-इलिनॉयच्या ओल्या मातीत 160 एकर म्हणजे सुखवस्तू शेत. रेखांश 100 अंशांच्या पश्चिमेला पाऊस वर्षाला 20 इंचांखाली जातो, आणि तिथे तोच चौकोन एका कुटुंबाला पोसत नाही.

हे एका माणसाने वेळेवर सांगितले होते. जॉन वेस्ली पॉवेल हा भूगर्भशास्त्रज्ञ. यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता आणि उरलेल्या एका हाताने त्याने 1869 मध्ये होड्यांतून कोलोरॅडो नदीची महाघळ पार केली. 1878 मध्ये त्याने कोरड्या प्रदेशावरचा अहवाल सरकारला दिला. ओलिताखालची शेते 80 एकरांची पुरेत, चराऊ शेते 2,560 एकरांची हवीत. हद्दी पाण्याच्या सोयीने आखा, आणि पाणी अडवण्याचे काम शेतकऱ्यांनी एकत्र येऊन करावे. रेल्वे कंपन्या, जमिनीचे दलाल आणि पश्चिमेकडचे पुढारी यांना हे परवडणारे नव्हते. नांगर जिथे जाईल तिथे पाऊस मागोमाग येतो, असा समज तेव्हा शिकलेली माणसेही पसरवत होती. 1893 मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत पॉवेलने उभे राहून सांगितले, की पश्चिमेत एवढ्या जमिनीला पुरेल इतके पाणीच नाही. सभेने त्याची हुर्यो उडवली. नव्वदच्या दशकात दुष्काळाने गावेच्या गावे रिकामी झाली. पुढे सरकारने 320, मग 640 एकर देऊ केले, पण चौकोन सोडला नाही. 1930 च्या दशकात नांगरलेला माळ धूळ होऊन उडाला. दुष्काळी मुलखात राहणाऱ्या वाचकाला पॉवेलचे म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही. पाणलोट पाहून गावाचे नियोजन करा, हेच तो म्हणत होता.

साखळीचा सर्वांत खोल घाव अजून व्हायचा होता. 8 फेब्रुवारी 1887 रोजी सिनेटर हेन्री डॉज यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. राखीव क्षेत्रातली सामुदायिक जमीनही मोजायची, प्रत्येक कुटुंबप्रमुखाला 160 एकर, एकट्या प्रौढाला 80, आणि उरलेली जमीन जादा ठरवून बाहेरच्यांना विकायची. डॉज आणि त्यांचे अनेक समर्थक स्वतःला मूलनिवासींचे हितचिंतक समजत. खासगी मालकी आली की माणूस सुधारतो, असा त्यांचा विश्वास होता. 1887 मध्ये मूलनिवासींकडे 13.8 कोटी एकर जमीन होती, 1934 मध्ये 4.8 कोटी उरली. जी वाट्याला आली ती सरकारच्या विश्वस्त ताब्यात. मालक मेला की वारसांची नावे लागत गेली, जमीन फोडता येईना आणि विकताही येईना. तीन पिढ्यांत एकेका तुकड्याला शेकडो हिस्सेदार झाले. आपल्याकडच्या ज्यांनी आजोबांच्या सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे पाहिली आहेत, त्यांना हा गुंता नेमका कळेल. या जमिनींच्या भाड्याचा आणि तेलाच्या हक्काचा हिशेब सरकारने नीट ठेवला नाही, म्हणून ब्लॅकफीट राष्ट्रातल्या एलुईस कोबेल या बाईंनी 1996 मध्ये दावा लावला. 2009 मध्ये सरकारने 3.4 अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले.

ओक्लाहोमातल्या एका भागात 22 एप्रिल 1889 ला भर दुपारी बंदुकीचा बार झाला आणि सुमारे 50,000 माणसे सुमारे 20 लाख एकरांवर दावे लावायला धावत सुटली. त्या भागाची मोजणी आधीच झालेली होती. दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये वुंडेड नी इथे सैन्याने अडीचशे ते तीनशे लकोटा मारले, त्यांत पुष्कळ बायका आणि मुले होती. 1890 च्या जनगणनेने वसाहतीची सलग सीमारेषा आता उरली नाही असे नोंदवले.

मॉरिल कायद्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. त्या जमिनींच्या जोरावर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयांपैकी ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या संस्थांत वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्याचे संशोधक म्हणून नावाजले. स्वातंत्र्यानंतर भारतात कृषी विद्यापीठे उभारली गेली ती याच नमुन्यावर. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ त्यांतलेच. 2020 मध्ये अमेरिकन पत्रकारांनी हिशेब लावून दाखवले, की मॉरिल कायद्याने वाटलेली सुमारे 1.1 कोटी एकर जमीन जवळपास 250 मूलनिवासी समुदायांची होती. ज्ञानाचे ऋण मानताना हे मूळही सांगितले गेले पाहिजे, असे मला वाटते.

आज शिकागो, डेट्रॉइट, सिएटल आणि त्यांच्या आसपास पुष्कळ मराठी कुटुंबांची स्वतःची घरे आहेत. तिथल्या घराच्या खरेदीखतात किंवा त्याला जोडलेल्या नकाशात टाउनशिप आणि सेक्शनचा क्रमांक सापडतो. त्या क्रमांकावरून जमिनीची पहिली सरकारी सनद कुणाच्या नावे निघाली ते सरकारी नोंदींत घरबसल्या, विनामूल्य पाहता येते. त्याआधीचा तहही शोधता येतो. शिकागोजवळ 1833 चा, पोटावाटोमी, ओजिब्वे आणि ओडावा यांच्याशी झालेला. सिएटलला 1855 चा, ड्वामिश, सुक्वामिश आणि त्यांच्या शेजाऱ्यांशी झालेला. तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांनी एकदा हा कागद जरूर काढून पाहावा आणि मुलांना वाचून दाखवावा.